उलट्या वेढ्याची स्प्रिंग

वकिलाचं पाकीट शुक्रवारी आलं, पण थोरल्याने ते दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. शनिवारी तो कारखान्यात नेहमीसारखा फिरला, फक्त प्रत्येकाजवळ जरा जास्त वेळ थांबला. लेथवर वाकलेल्या मिस्त्रीने मान वर करून विचारलंही, "काही पाहिजे का?" तर "काही नाही" म्हणून पुढे गेला. रविवारी दुपारी तीनला त्याने घरच्यांना चाचणीच्या खोलीत बोलावलं, आणि मिस्त्रीलाही. तीस वर्षांत मिस्त्रीला सुट्टीच्या दिवशी कुणी बोलावलं नव्हतं. तो धुतलेला शर्ट घालून आला आणि दाराशीच उभा राहिला.

चाचणीची खोली म्हणजे कारखान्याचा वरचा मजला. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थर, आणि भिंतीवरच्या फळीवर बाबांच्या पहिल्या यंत्रापासून आजवरची सगळी यंत्रं ओळीने मांडलेली. कापड कापायची यंत्रं ती: मुठीत मावेल अशी मोटर, खाली सपाट पाय, पुढे गरगर फिरणारं गोल पातं. आजोबा पायाने साण फिरवून दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावत असत. बाबांनी मोटर जोडून पातंच फिरवलं, आणि कात्रीखाली चार थर जात होते तिथे चाळीस जाऊ लागले. बाबा गेल्यावर थोरल्याच्या वाट्याला ते फिरतं पातं झाकायचं काम आलं. गार्ड जुन्या यंत्रांनाही होता, पण तो कुणी खाली ठेवत नसे. खाली ठेवला की खडूची रेघ दिसत नाही, म्हणून कापणारे तो सुतळीने वर बांधून टाकत, आणि मग कधीतरी बोट जाई. गेलं वर्षभर हे घर त्या एका गार्डच्या मागे लागलं होतं.

आत्या टेबलाच्या टोकाला कापडाचे थर सारखे करत बसली होती. वहिनी तिच्या शेजारी. खिडकीजवळच्या स्टुलावर बारकीचा नवरा. सगळे त्याला फिरस्ता म्हणत, कारण महिन्यातले वीस दिवस तो यंत्रं विकत गावोगाव फिरत असे. बारकी सगळ्यात शेवटी आली. ती थोरल्याची धाकटी बहीण. अंगाने बारीक आणि हाताची रेघही बारीक. कारखान्यातलं एकूण एक ड्रॉइंग तिच्या हातचं.

थोरल्याने एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"ओळखतेस?"

बारकीने तो उजेडात धरला. खाली छोटं चाक, वर बिजागरी, समोर तिरपी फट. "आपला गार्ड आहे," ती म्हणाली. मग अजून बघून म्हणाली, "पण कागद आपला नाही."

"खाली नाव वाच."

कालव्यापलीकडच्या कारखान्याचं नाव होतं. पेटंटच्या अर्जाला जोडलेलं ड्रॉइंग, आणि तारीख.

"आपल्या अर्जाच्या आधी एकोणीस दिवस," थोरला म्हणाला. "वकील कळवतो, त्यांचा अर्ज मंजूर झाला तर हा गार्ड आपल्याला आपल्याच यंत्रावर बसवता येणार नाही."

"तिरपी फट त्यांनाही सुचू शकते, दादा."

"मीही तसंच म्हणत होतो स्वतःला. मग मी भिंग घेऊन बसलो." त्याने बिजागरीपाशी बोट ठेवलं. "स्प्रिंग बघ."

बारकीने बघितलं. स्प्रिंगचा वेढा उलटा होता. ही चूक तिची होती. एप्रिलमध्ये घाईघाईत तिने वेढा डावीकडे काढला होता. मिस्त्रीने तो कागद बघून शांतपणे सांगितलं होतं, "बारके, ही स्प्रिंग अशी बसवली तर गार्ड खाली यायच्या ऐवजी वर उडेल." तिने त्याच दिवशी नवं ड्रॉइंग काढलं. ही चूक जगात त्या एकाच ड्रॉइंगमध्ये होती, आणि एकच दिवस.

"चुकीसकट उतरवलंय," थोरला म्हणाला. "म्हणजे आपलं ड्रॉइंग समोर ठेवून उतरवलंय. त्या दिवशी किती प्रती काढल्या होत्यास?"

"तीन. एक तुझी, एक मिस्त्रींची. त्या मी परत घेतल्या आणि फाडल्या."

"आणि तिसरी?"

बारकीने कागद टेबलावर ठेवला. तिला उत्तर माहीत होतं, तिच्या भावालाही माहीत होतं. तरी त्याला ते तिच्याच तोंडून हवं होतं.

"तिसरी माझ्याकडे होती," खिडकीजवळून फिरस्ता म्हणाला.

*

वीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून यंत्रं विकणाऱ्या माणसाला एक गोष्ट चटकन कळते: समोरच्याने नाही म्हणायचं आधीच ठरवलंय की नाही. थोरल्याचं ठरलेलं होतं. फिरस्त्याला ते जिना चढतानाच कळलं होतं.

"त्या प्रतीचं काय केलंत?" थोरल्याने विचारलं. तो फिरस्त्याला नेहमीच अहो-जाहो करायचा, पण आज त्या 'तुम्ही'ला धार होती.

"बारकीने फोन केला, चुकीचं आहे म्हणून. मी फाडून टाकली. बसमध्ये होतो. उतरल्यावर तुकडे कचऱ्यात टाकले."

"कुणी बघितलं?"

"कागद फाडताना मी साक्षीदार घेऊन बसत नाही."

"बरं. आणि त्याच आठवड्यात तुम्ही कालव्यापलीकडे गेला होतात. त्यांच्या फाटकाशी उभे होतात."

फिरस्त्याने वहिनीकडे बघितलं. या घरात त्याची बाजू घेणारं कुणी असेल तर ती वहिनी. गावाहून आला की चहा तीच टाकायची, आणि थोरल्याचा मूड कसा आहे हेही तीच आधी सांगायची. वहिनीने मान खाली घातली.

"मी बसमधून बघितलं होतं," ती हळूच म्हणाली. "मी नुसतं बोलता बोलता बोलले यांच्याजवळ. तेव्हा काही मनात नव्हतं माझ्या."

"काम होतं तिथे," फिरस्ता म्हणाला.

"काय काम?"

"माझं काम."

त्याने बायकोकडे बघितलं. बारकी त्या कागदाकडे बघत होती. तिला फाटकाची गोष्ट ऐकून जराही नवल वाटलं नव्हतं. म्हणजे तिला हे आधीपासून माहीत होतं. वहिनीने तिलाही सांगितलं असणार, कित्येक महिन्यांपूर्वी, आणि तिने एका शब्दाने त्याला विचारलं नव्हतं. ते त्याला थोरल्याच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त लागलं.

आणि तरीही तो गप्प होता, कारण त्यालाही एक गोष्ट माहीत होती. प्रती तीन होत्या, पण कागद चार होते. ज्याच्यावरून प्रती निघाल्या तो मूळ कागद बारकीजवळ होता, आणि त्याच्याबद्दल इथे कुणीच विचारत नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला अर्जाचा मसुदा आला होता. त्यात शोध लावणारा म्हणून एकट्या थोरल्याचं नाव होतं. त्या संध्याकाळी बारकी जेवली नव्हती. "वर्षभर रेघा मी ओढल्या," एवढंच म्हणाली होती, आणि नंतर तो विषय तिने पुन्हा काढला नाही. बारकीने एखादा विषय काढायचं बंद केलं की फिरस्त्याला काळजी वाटायची.

'मूळ कागद कुठे आहे?' एवढं विचारलं असतं तर खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या असत्या. त्याने ते विचारलं नाही.

*

थोरल्याला चोर फिरस्ताच निघायला हवा होता. हे त्याने स्वतःशी शनिवारी रात्रीच कबूल केलं होतं. मिस्त्री असला तर कारखाना उभा कसा राहणार? बहीण असली तर वर गेल्यावर आईला तोंड कसं दाखवणार? फिरस्ता बाहेरून आलेला, त्याला बाहेर जाता येईल. शिवाय दोन वर्षं झाली, पलीकडचे आपल्यापेक्षा दुपटीने यंत्रं खपवत होते, आणि याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, असं त्याला वाटायचं.

"माझं काम म्हणजे काय, हे सांगणार नसाल," तो म्हणाला, "तर नमुन्यांच्या कपाटाची चावी टेबलावर ठेवा."

"दादा," बारकी म्हणाली.

"बोल की. तुझं काय म्हणणं आहे?"

तिला खूप काही म्हणायचं होतं. पण फाटकाशी उभा असलेला नवरा तिच्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. "काही नाही," ती म्हणाली.

फिरस्त्याने खिशातून जुडगा काढला, त्यातली एक चावी नखाने सोडवली आणि टेबलावर ठेवली. मिस्त्री दाराशी अस्वस्थ झाला. "थोरले, एवढी घाई नको," तो पुटपुटला. "प्रत माझ्याकडेही होती. मी परत दिली, पण त्याआधी रात्रभर ती माझ्या बाकावर उघडीच होती. शोधायचं तर मलाही शोधा."

"तुमच्यावर माझा संशय नाही, मिस्त्री."

"का नाही? मला का सोडता? त्यांच्यावर आहे तर माझ्यावरही पाहिजे."

"ती चावी द्या त्यांना परत," आत्या म्हणाली.

ती इतक्या सहज म्हणाली की पहिल्यांदा कुणी लक्षच दिलं नाही. तिने कापडाचा वरचा थर तळव्याने सपाट केला. डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. बाबांच्या दुसऱ्या यंत्राने ती नेली त्याला चौतीस वर्षं झाली होती.

"कागद मी दिला," ती म्हणाली.

*

आत्याने आयुष्याची पंचवीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाशी काढली होती. तिच्या हाताखाली कितीतरी जण शिकले. त्यातला एक कानामागे कायम खडू खोचून असायचा, म्हणून त्याचं नावच खडू पडलं. कालव्यापलीकडचा कारखाना आता त्याचा होता.

थोरल्याने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "आत्या, भाचजावयाला वाचवायला म्हणून असलं काही बोलू नकोस."

"मी का वाचवू? त्यांनी काय केलंय?" ती म्हणाली. "बारके, त्या चुकीच्या ड्रॉइंगचा मूळ कागद कुठे टाकलास?"

बारकीचा चेहरा उतरला. "टोपलीत."

"आणि तुझी टोपली कोण रिकामी करतं?"

सगळ्यांना माहीत होतं. ड्रॉइंगचा कागद जाड असतो, आणि जाड कागद आत्या वाया जाऊ देत नसे. त्याच्यावर ती कपडे कापायचे नवे बेत काढायची.

"मी त्याच्यावर बाहीचा बेत काढायला घेतला," आत्या म्हणाली. "मग म्हटलं, नको. घडी घातली, पिशवीत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी चालत पूल ओलांडून गेले. स्प्रिंग उलटी का सुलटी मला कळत नाही. मला फट कळते."

"पण का?" थोरल्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "पलीकडच्यांना? तुला कल्पना आहे का तू काय केलंस?"

"मार्चमध्ये तो फोन आला होता, लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्यांकडून. आठवतो?"

थोरल्याने मान हलवली.

"एकोणीस वर्षांची मुलगी. आपलं छोटं यंत्र. अंगठा गेला तिचा. मी बघायला गेले होते, तुला सांगितलं नाही. ती मला म्हणाली, आई रागावेल, नोकरी जाईल. अंगठ्याबद्दल बोललीच नाही. मी घरी आले आणि तुला विचारलं, हा नवा गार्ड छोट्या यंत्रावर कधी बसवतोस? तू काय म्हणालास?"

"म्हणालो, आधी मोठ्यावर."

"तू म्हणालास, फक्त मोठ्यावर. म्हणजे लोक गार्डसाठी तरी मोठं यंत्र घेतील. याच खोलीत म्हणालास."

"आणि त्या मुलीचा गार्ड वर बांधलेला होता," थोरला म्हणाला. "ते आपण पत्रात स्पष्ट कळवलंय. वापरणाऱ्याची चूक आहे."

"ते पत्र मी लिहिलं," वहिनी म्हणाली.

थोरला वळला. लग्नाला बावीस वर्षं झाली, चारचौघांत बायकोने त्याचं बोलणं मध्ये तोडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं," ती म्हणाली. "मजकूर पाठ झालाय मला. या वर्षातलं ते चौथं होतं. नाव आणि कुठलं बोट तेवढं बदलायचं. चुलीपाशी उभी असले तरी ती वाक्यं डोक्यात येतात माझ्या. आणि मी वेडी, फाटकाशी कोण उभं होतं ते तुम्हाला येऊन सांगत बसले." ती फिरस्त्याकडे वळली. "चुकलं माझं."

फिरस्त्याने नुसती मान हलवली.

"मग मी खडूकडे गेले," आत्या पुढे म्हणाली. "त्याला म्हटलं, तू छोटी यंत्रं जास्त विकतोस. हा गार्ड तुझ्या सगळ्या यंत्रांवर बसव, मला काही नको. त्याने चहा पाजला. बाई, पुढच्या खेपेपासून बसवतो म्हणाला. दारापर्यंत सोडायला आला."

"बसवला का?" मिस्त्रीने विचारलं.

उत्तर फिरस्त्याने दिलं. "नाही. मागच्याच आठवड्यात त्यांची नवी यंत्रं बघितली मी, दोन ठिकाणी. जुनाच गार्ड आहे, आणि दोन्हीकडे सुतळीने बांधलेला."

आत्या ज्या कागदाकडे दुपारपासून वळून बघत नव्हती त्याकडे आता तिने बघितलं. तीन वाजल्यापासून ती हेच पचवत बसली होती. तिने दिलेल्या कागदावर तिच्या शिष्याने, खडूने, स्वतःचं नाव घातलं होतं आणि गार्ड कुलपात ठेवला होता. भाच्याने जे केलं असतं तेच त्याने केलं होतं, फक्त एकोणीस दिवस आधी.

"मला वाटलं, माझ्या हाताखाली शिकलाय," ती म्हणाली. "मूर्ख मी."

*

थोरल्याने वकिलाचं पत्र पुन्हा उचललं, दुसरं पान काढलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळा रंग आला.

"आत्या, वकील म्हणतो, त्यांनी ड्रॉइंग आपल्याकडून मिळवलंय हे सिद्ध झालं तर त्यांच्या अर्जावर आक्षेप घेता येतो. साक्षीदार लागेल." तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. मघाचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नसावं. "तू हे लिहून देशील? तारीख, काय बोलणं झालं, सगळं?"

"देईन की."

"वकिलासमोर?"

"कुणाहीसमोर. पण ते मला विचारतील, मुळात हे सुचलं कुणाला. मी खरं सांगणार."

थोरल्याचा हात पत्रावर थांबला.

"फट माझी," आत्या म्हणाली. "डब्याचं झाकण कापून मी तुला दाखवली होती, रेघ सरळ समोरून कुणी बघत नाही, कापणारा बाजूने वाकतो, म्हणून फट तिरपी पाहिजे. खालचं चाक मिस्त्रींचं. फट किती तिरपी ते बारकीने माझ्या डोळ्यांची उंची मोजून काढलं, आठ दिवस मला त्या टेबलाशी उभं केलं होतं तिने. आता तुझं त्यात काय, ते तू सांग."

थोरल्याने पत्र बाजूला सारलं. "मी सगळं एकत्र आणलं," तो अखेर म्हणाला. "तुम्ही तिघं तीन दिशांना गेला असतात. सात वेळा फसला तो गार्ड, आठव्यांदा करा म्हणणारा मी होतो."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "म्हणून चार नावं घाल. एकाच नावाचा अर्ज असेल आणि मी साक्षीला उभी राहिले, तर तुझाही अर्ज पडेल. मला वकिली कळत नाही, पण एवढं कळतं."

"वकील तेच म्हणेल," बारकी म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदाच तिचा आवाज स्वतःचा वाटला.

"आणि गार्ड छोट्यावर आधी," आत्या म्हणाली. "हे लिहून दे. मग मी लिहून देते."

थोरला हसला, पण ते हसू कडवट होतं. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"आज इथे कुणाचा कुणावर आहे?"

तो उठून फळीपाशी गेला. तिथलं शेवटचं छोटं यंत्र त्याने हातात तोललं. "छोट्याला पुढे एवढं वजन दिलं तर ते नाकावर पडतं. मी उगाच नाही म्हणत नव्हतो. तोलाचा प्रश्न आहे."

मिस्त्री घसा खाकरून म्हणाला, "मी बसवून बघितलाय."

"कधी?"

"तुम्ही नको म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी. पातळ पत्र्याचा केला. चाक लाकडी खुंटीवर फिरवून घेतलं. तोल जात नाही." तो खाली गेला आणि जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं यंत्र घेऊन आला.

"तुम्हीसुद्धा," थोरला म्हणाला. त्याला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. त्याच्या नकळत आत्या पूल ओलांडून गेली होती, मिस्त्रीने पत्रा कापला होता, वहिनी मनातल्या मनात पत्रं म्हणत होती. तो दोन दिवस एका चोराला शोधत होता. आणि या सगळ्यांनी आपापल्या परीने त्याच्यापासून काहीतरी लपवलं होतं, कारण त्याला सांगून उपयोग नाही असं प्रत्येकाला वाटत होतं. हे त्याला चोरीपेक्षा जड गेलं.

त्याने यंत्राची वायर जोडली. आत्याने रचलेल्या बारा थरांवर खडूने एक वळणाची रेघ मारली आणि खटका दाबला. पातं गुणगुणायला लागलं. गार्डचं चाक थराच्या कडेला टेकलं, चढलं, आणि गार्ड बरोबर कापडाच्या जाडीएवढा वर उचलला गेला. थोरला सवयीने बाजूला वाकला. तिरप्या फटीतून पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. वळण संपलं, पातं थरांच्या बाहेर आलं, आणि गार्ड टक् करून खाली बसला. त्याने आणखी एकदा कापलं. मग तिसऱ्यांदा, मुद्दाम वेड्यावाकड्या रेघेवर.

खटका सोडून तो म्हणाला, "कागद आण, बारके."

तिने कागद आणला. त्याने उभ्याउभ्याच लिहिलं: छोट्या यंत्रावर आधी, जुनी यंत्रं कुणी परत आणली तर त्यांच्यावरही, आणि अर्जावर चार नावं. हे शेवटचं लिहिताना त्याने स्वतःचं नाव पहिलं लिहिलं, थांबला, ते खोडलं आणि आत्याचं वर घातलं. आत्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी करून पोलक्यात ठेवलं.

"उद्या दहाला वकिलाकडे जाऊ," ती म्हणाली.

चावी अजून टेबलावरच होती. थोरल्याने ती फिरस्त्याकडे सरकवली. त्याला माफी मागता येत नसे. बाबांनाही येत नसे. "घ्या," तो म्हणाला.

"असू दे तिथेच," फिरस्ता म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

*

बारकीने त्याला कोपऱ्यावर गाठलं. बंद दुकानांसमोरून दोघं चालत राहिली. उन्हं कलली होती, रस्त्यावर तुरळक माणसं होती.

"मला वाटलं होतं तूच आहेस," ती म्हणाली. हे आज बोलली नाही तर पुन्हा कधी बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. "वहिनीने मे महिन्यात सांगितलं, तुला फाटकाशी बघितलं म्हणून. तेव्हापासून."

"कळलं मला आज."

"कशाला गेला होतास तिथे?"

"नोकरी विचारायला." तो सरळ बघून चालत होता. "तुझ्या भावाच्या हाताखाली आता होत नाही माझ्याने. आत गेलोच नाही. फाटकाशी अर्धा तास उभा राहिलो आणि परत आलो. हे तिथे सगळ्यांसमोर कसं सांगणार होतो?"

बारकीला ते पटलं, आणि पटल्याचा त्रास झाला. इतकी साधी गोष्ट होती. पाच महिन्यांत कुठल्याही संध्याकाळी विचारलं असतं तर त्याने सांगितली असती.

"मलाही तुझाच संशय होता," फिरस्ता म्हणाला.

ती थांबली. "माझा?"

"मूळ कागद तुझ्याकडे होता. आणि अर्जात तुझं नाव नव्हतं. तू त्या दिवशी जेवली नाहीस."

"म्हणजे दादा तुला सगळ्यांसमोर सोलत होता, तेव्हा तुला वाटत होतं की हे मी केलंय?"

"हो."

"मग बोलला का नाहीस? एक वाक्य बोलला असतास तर सुटला असतास."

"सुटलो असतो," तो म्हणाला. "पण मग तू अडकली असतीस."

त्याला वाटत होतं बायकोने चोरी केली, आणि त्याने चावी काढून टेबलावर ठेवली. तिला वाटत होतं नवऱ्याने चोरी केली, आणि भावाने विचारलं तेव्हा ती 'काही नाही' म्हणाली. गप्प दोघंही बसली होती.

फिरस्ता चार पावलं पुढे जाऊन थांबला होता. वळून बघत नव्हता, पण पुढेही जात नव्हता. बारकी तिथेच, एका बंद शटरशी उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "येतेस ना?" आणि ती निघाली, पण त्याच्या बरोबरीने चालायचं धैर्य तिला घरापर्यंत झालं नाही.